हर्सूलच्या अंगणातली हजेरी

सबंध मराठवाड्यात फुलझाडांची रोज सकाळी हजेरी घेणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. जन्मभर ते हर्सूलच्या तुरुंगात शिपाई होते. निवृत्त होऊन हर्सूललाच घर बांधलं, पण अंगातली नोकरी काही उतरली नाही. झेंडू, गुलमेंदी, अ‍ॅस्टर ही एका हंगामाची झाडं त्यांच्या लेखी थोड्या शिक्षेची मंडळी. जास्वंद, कण्हेर, मोगरा जन्मठेपेचे. झेंडू बी धरून पुरता वाळला, की "जा बाबा, लई चांगला वागलास," असा निरोप देऊनच त्याला उपटायचे. नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्या दिवशी आधी झाडं, मग जावई. एकदा मी अंगाला साबण लावून बसलो असताना बाहेरून हुकूम आला, "पाव्हणं, जरा दम धरा, अ‍ॅस्टरला कळ्या लागल्यात!"

हजेरीला उत्तर सासूबाई देत. सासरे "जास्वंद!" म्हणाले, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पोळी लाटता लाटता, "हजर!" मोगरा त्यांनी बिडकीनहून, माहेराहून आणलेला. त्याची पाळी आली, की "हजर, साहेब!" म्हणून वर खुदकन हसायच्या.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर त्या गेल्या. हजेरी चालू राहिली, उत्तर बंद झालं. मोगऱ्याचं पाणी थंडीत तोडावं लागतं, पानं काढून तो छाटावा लागतो, तेव्हा कुठं उन्हाळ्यात फुलतो. हे सासऱ्यांनीच मला शिकवलेलं. पण सगळ्या बागेला बेधडक कात्री लावणारा हा माणूस त्या एका झाडापुढे कात्री खिशात घालायचा. "तिनं लावलंय. माझा हात नाय चालत." मोगरा नुसताच माजला. गेल्या उन्हाळ्यात एक फूल नाही. मला तर त्या हिरव्यागार झाडाकडे बघवत नसे.

यंदा माघात बायकोनं सरळ विचारलं, "बाबा, आईनं छाटला असता का नाय?"

त्यांनी खिशातली कात्री काढून धोतराला पुसली. "व्हय, छाटला असता. वर मलाच बोलली असती." मग उठले आणि दर फांदीला "लागलं का गं?" विचारत त्यांनी मोगरा छाटला.

चैत्रात पुन्हा गेलो, तर सकाळची हजेरी चालली होती. जास्वंद झाली, कण्हेर झाली. मोगऱ्यापाशी मात्र ते थबकले. झाड कळ्यांनी भरलं होतं.

"मोगरा!"

पोळ्या लाटणारी माझी बायको खिडकीतून ओरडली, "हजर, साहेब!"

सासऱ्यांनी मागं वळून पाहिलं नाही, ते पुढंही सरकले नाहीत. तिथूनच म्हणाले, "ऐकू नाय आलं. मोगरा!"