हक्क सोडला तो असा

आमच्याकडे बाप गेला की बहिणींनी हक्कसोडीच्या कागदावर सही करायची. यात विचारण्यासारखं काही असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आई आधीच गेलेली, आम्ही दोघंच भावंडं, भाऊ कॅनडात. नवरा वारला तशी मी माहेरी येऊन राहिले. केळीच्या वाडीला पाणी मीच सोडायचे, वडिलांचं औषधपाणीही माझ्याकडे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी वडील गेले. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्यांच्यासाठी ठेवलेल्या महिन्याच्या मिस्साच्या प्रार्थनेला भाऊ आला, आणि त्याच आठवड्यात काका आम्हाला रजिस्ट्रारच्या कचेरीत घेऊन गेले.

"काका, काय लिहिलंय ते वाचा तरी."

"वाचायचं काय त्यात? भाऊ तुला रस्त्यावर टाकणार आहे का? कर सही, बाय."

केली. खरं सांगते, बरंही वाटलं. रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाबाहेर बायका माझं कौतुक करत होत्या.

भाऊ वाईट नव्हता हो. तोच म्हणाला, "बाय, वाडी राहू दे माझी, पण घर तुझ्या नावावर करून जातो." गेलो वकिलाकडे, काकाही बरोबर. वकिलाने सहज विचारलं, पासपोर्ट कुठला? भावाने ऐटीत कॅनडाचा काढून टेबलावर ठेवला.

वकिलाने चष्मा उतरवला. "अहो, म्हणजे तुम्ही परदेशी झालात. आता इथलं घर ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी, आणि बहिणीला द्यायलाही परवानगी. हक्कसोड कुणी करायला सांगितली? बाईंचा निम्मा हिस्सा सरळ त्यांचाच होता."

काका छताकडे बघत बसले.

"मग फाडून टाका ना तो कागद," मी म्हटलं.

"नोंदलेला कागद आहे, बाई. फाडून काय होतंय?"

अर्ज केला, भाऊ परत गेला. बँकेने आणखी कागद मागितले, ते पाठवले. मग नुसती वर्षं गेली, परवानगी काही आली नाही. पुढे शेजाऱ्याने कुंपण दोन हात आमच्या वाडीत सरकवलं, तशी मी तलाठ्याकडे धावले. त्याने सातबाऱ्यावर बोट फिरवलं.

"यात तुमचं नाव नाही. मालकाला आणा."

"मालक कॅनडात."

"मग त्याचं पत्र आणा."

पत्र यायला दोन महिने लागले. तोवर शेजाऱ्याची केळी तिथे कमरेएवढी झाली होती. आमच्याकडे परदेशी झालेल्यांसाठीच्या त्या परवानगीच्या कायद्याला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. मी नाही देत. वारसाच्या कायद्याने मला निम्मं दिलं होतं. ते माझ्याच माणसांनी एका दुपारी काढून घेतलं, आणि मी वर हसून काकांचं पेन त्यांना परत दिलं.