नवघरची डी ड्राइव्ह

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पूनम सागर भागातल्या एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम करायचो. एका दुपारी नवघरला एका मावशींकडे जायचं होतं. त्या एका दवाखान्यात नर्स होत्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा काविळीनं गेला होता. कॉम्प्युटर त्याचा. आता धाकट्या मुलीला क्लाससाठी नवीन विंडोज हवी होती.

सेटअप सुरू केला आणि तो अडला. सी ड्राइव्हवर जागा पुरत नव्हती. मुलानं हार्ड डिस्कचे दोन भाग केले होते, सी लहान आणि डी मोठा.

"सगळं काढून एकच ड्राइव्ह करतो," मी म्हणालो.

"त्याचं काही असेल तर राहू दे हां," मावशी म्हणाल्या. "शेवटी शेवटी तो सारखा काहीतरी टाईप करायचा."

मी सी उघडून बघितली. गेम होते, दुसरं काही नाही. तसं सांगितलं. त्या चहा ठेवायला गेल्या. डी मी उघडलीच नाही. घाई होती, एवढंच.

फ्लॉपीवरून पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एखादा भाग, काढायला घेतलं की मशीन आधी त्या भागाला दिलेलं नाव टाईप करायला सांगतं, चुकून काही उडू नये म्हणून. नाव स्क्रीनवरच होतं. मी ते एकेक अक्षर बघून टाईप केलं, वाचलं नाही. मग 'हो'साठी वाय दाबलं.

मावशी कप घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी इंग्रजी अक्षरं जुळवत हळू वाचलं, "आईसाठी."

मी कीबोर्डवरून हात काढला.

"हे तू लिहिलंस?"

"नाही मावशी. त्यानं नाव दिलेलं."

"मग ते आता कुठंय?"

मी मशीन तिथंच बंद केलं. पुढे काही केलं नसेल तर आतला मजकूर जागेवर असतो, फक्त त्याची नोंद जाते, एवढं मला माहीत होतं. डिस्क काढून भाईंदरच्या एका जुन्या जाणत्या मेकॅनिककडे नेली. त्यानं दोन तास बसून ती नोंद हातानं परत लिहिली. डी दिसायला लागली. आत एकही फाईल नव्हती.

"माझ्यामुळे गेलं का?" मी विचारलं.

"नाय रे. पुसलेल्या फायलींच्यापण खुणा राहतात. इथं त्यापण नाहीत. रिकामीच होती."

दुसऱ्या दिवशी मी डिस्क परत बसवली, सीवरचे गेम काढले आणि तेवढ्या जागेत कशीबशी विंडोज घातली. डीला हात लावला नाही. मावशींना खरं ते सगळं सांगितलं, डी रिकामी निघाली आणि मी ती न बघता काढली होती हेही. त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

महिनाभरानं मुलीचा दुकानात फोन आला. "आई रोज ड्युटीवरून आली की डी उघडून बसते. मला तिथं काही ठेवू देत नाही. म्हणते, त्यानं लिहिलेलं थोडं थोडं दिसेल. तुम्ही येऊन एकदा समजावाल का?"

"रविवारी येतो," मी म्हणालो.

त्या रविवारी मी अर्ध्या रस्त्यापर्यंत गेलो होतो. ती रिकामीच होती, या मेकॅनिकच्या शब्दावर माझाच पूर्ण विश्वास नव्हता. त्यांना काय समजावणार होतो? मी रिक्षा परत फिरवायला सांगितली.