खाडीकडे जाणारं गोडं पाणी

रेडॉन हा शब्द मी हल्ली चारचौघांत उच्चारत नाही. ठाण्यात माजिवड्याच्या आमच्या सोसायटीत एकदा लिफ्टमध्ये बोलून गेले, तर शेजारच्या बाई पोराला घेऊन भिंतीला चिकटल्या. खरं तर हा किरणोत्सारी वायू खडकात मुळातच तयार होतो आणि जमिनीखालच्या पाण्यात विरघळतो. पाणी उघड्यावर आलं की तो उडू लागतो, आणि उरलेला चारेक दिवसांत निम्मा होतो. म्हणून खाडीत एखाद्या जागी तो जास्त सापडला, तर समजायचं की तिथे आत्ताच जमिनीखालून पाणी येतंय. समुद्राकडे जाणाऱ्या या न दिसणाऱ्या पाण्याचा माग काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग.

माझ्या मोजणीच्या जागांपैकी एक मामाच्या घरामागेच होती, दिवा स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. मामा जन्मभर मिठागरात राबला. मिठागर गेलं, शेतं गेली, त्यावर चाळी उठल्या, आणि राहिली ती विहीर. खाडी हाकेच्या अंतरावर, तरी तिचं पाणी गोडं. नळाला पाणी नसलं, म्हणजे बहुतेक रोजच, चाळीतल्या बायका हंडे घेऊन मामाच्या दारी यायच्या. माझ्या दोन्ही मामेभावांना विहीर बुजवून तिथे बिल्डिंग उभी करायची होती. पाणी गोडं आहे तोवर विहिरीला हात लावायचा नाही, असं मामाने बजावलं होतं. मुलांनीही ते मान्य केलं होतं. थांबायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

ओहोटी लागली की तिवरांच्या झाडीपुढच्या चिखलातून पाणी झिरपताना दिसायचं. तिथे बाटली भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावायचं, नाहीतर रेडॉन त्या हवेत निसटतो. पहिल्या वर्षी तिथे भरपूर रेडॉन मिळाला. पुढच्या हिवाळ्यात कमी झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, भर खाडीतल्या पाण्यात असतो जवळजवळ तेवढाच उरला. एव्हाना आसपासच्या प्रत्येक नव्या बिल्डिंगने बोअर मारलं होतं आणि टँकर भरभरून चालले होते.

मी ओट्यावर बसून सांगितलं, "मामा, गोडं पाणी खाडीत जायचं थांबलंय."

मामाचा चेहरा उजळला. "मंग बरा झाला ना बाय. फुटका बांध आपसूक लिंपला. जेवरा खाडीत चाललेला, तेवरा आता आपले विहिरीत राहील."

मिठागरात पाणी झिरपलं म्हणजे बांध फुटला, आणि झिरपायचं थांबलं म्हणजे काम फत्ते. त्याच्या हाताला आयुष्यभर तेवढंच माहीत होतं. मी समजावलं, "उलटं आहे मामा. ते पाणी बाहेर रेटत होतं म्हणून खाडी आत येत नव्हती. आता तो रेटाच संपलाय. विहिरीतून जपून काढ, आणि खोल तर मुळीच जाऊ नकोस, खारं पाणी खालूनच शिरतं."

त्याने सगळं ऐकून घेतलं. "तू शिकलेली हायस," तो म्हणाला, "पन खाडीचा पानी आमी अडवलाय गो."

त्या उन्हाळ्यात विहीर खाली गेली होती आणि बायका अर्धे हंडे घेऊन परत जात होत्या. ते त्याला लागलं होतं. मी ठाण्याला परतले आणि त्याने विहिरीच्या तळाला बोअर मारून घेतलं. माणसं मुलांनी आणून दिली. इतक्या तत्परतेने त्यांनी बापाचं दुसरं काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

विहीर भरल्याचं त्याने मला फोनवर सांगितलं. आवाज लग्नघरातल्यासारखा. मी चिडले, काय करून बसलास म्हणून ओरडले, आणि त्याने हसून फोन मामीकडे दिला.

पुढे मामीची डाळ शिजेना. डाळ जुनी निघाली म्हणून तिने दुकान बदललं. मग चहात दूध फाटलं. चाळीतल्या बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. मामाला वाईट वाटेल म्हणून कारण कोणीच सांगितलं नाही. मी गेले तेव्हा सवयीने बाटली घेऊन गेले होते, पण ती पिशवीतून काढावीशी वाटली नाही. मामाने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. थुंकला नाही, गिळलं.

"खाडी हाय," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला, मुलांचा आला, आणि आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगांचा आला. आमच्या सोसायटीतही टँकर येतोच. कोणाच्या जमिनीतून येतो, कोण जाणे. मुलांनी शब्द पाळला. पाणी खारट झाल्यावरच बांधकामाचं राबिट टाकून विहीर बुजवली.

आता चाळीपुढेही टँकर येतो. गेल्या खेपेला मी गेले, तेव्हा मामा हातात कॅन घेऊन रांगेत उभा होता. पुढच्या बायका म्हणाल्या, "मामा, तुम्ही व्हा पुढे." त्याने मान हलवली आणि जागेवरच थांबला. त्याचा नंबर यायच्या आधी टँकर रिकामा झाला. तेव्हा एक बाई मागे आली आणि तिने आपला अर्धा हंडा त्याच्या कॅनमध्ये ओतला. पाणी ओतून होईपर्यंत मामा कॅन दोन्ही हातांनी धरून उभा होता. मला ते बघवलं नाही.