गियरच्या सायकलीची खिडकी

आमच्या घराला खिडकी एकच, आणि ती सायकलीसाठी होती.

माणसांसाठी दार होतं. (उजेड हवा असेल त्यानं दारात बसावं.) सोप्यातल्या त्या खिडकीखाली दिवसभर लख्ख उजेड पडायचा आणि तिथं एक गियरची सायकल भिंतीला टेकून उभी असायची. जाड टायरची, डोंगर चढायची. आमच्या गावाला डोंगर नाही. विट्याकडं जाताना एक चढ लागतो, त्यावर एसटीसुद्धा कण्हते. पण तेवढ्यासाठी कुणी घरात सायकल पाळत नाही!

ती आणली धाकट्या दिरांनी. भाऊजींचं कोचीनला गलाईचं दुकान, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं. तिकडं फिरायला आलेला कुणी गोरा साहेब मायदेशी परतताना ती स्वस्तात देऊन गेला. भाऊजींनी ती रेल्वेनं गावी आणली, मोठ्या थाटात त्या चढावर नेली आणि अर्ध्यात गियर अडकला. तिथून सायकल भाऊजींच्या खांद्यावर बसून घरी आली आणि खिडकीखाली टेकली, ती टेकलीच. हे सगळं माझ्या लग्नाआधीचं.

लग्नात माझ्या वडिलांनी मला शिलाई मशीन दिलं. पलूसहून ते टेम्पोत घालून इथं आलं, सोप्यात उतरलं. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "ह्ये कुठं ठेवायचं?"

सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं. सायकलीनं आमच्याकडं पाहिलं. मशीन त्याच टेम्पोतून पलूसला परत गेलं!

मी काही बोलले नाही. नवी नवरी कशी बोलणार? पुढं जुनी झाले तरी बोलले नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी चुलीकडं पळते. मी फक्त भांड्यांशी बोलते. आमच्या घरात पोचा न आलेलं भांडं तुम्हाला सापडायचं नाही.

तिकडं माझ्या मशीनवर माझी माहेरची वहिनी शिवायला बसली. अर्ध्या पलूसचे ब्लाऊज तिनं शिवले. दर दिवाळीला मलाही एक द्यायची आणि वर म्हणायची, "वन्सं, तुमच्याच मशीनवर शिवलाय बरं का!" तो काखेत हमखास काचायचा. ब्लाऊज लहान व्हायचा की आत राग फुगायचा, देव जाणे!

वर्षं गेली. गावात फोन आला, रंगीत टीव्ही आला, सायकल जागची हलली नाही. टायर चिरले, साखळी गंजली. तरी दसऱ्याला झेंडूचा हार पहिला तिला!

मग एका जत्रेला भाऊजी कोचीनहून आले आणि सोप्यात आबा आणि दोघं भाऊ अशी तिघांची बैठक बसली. झालं होतं असं, की आमचे हे काही कामानं साताऱ्याला गेले होते. तिथं गड-किल्ले चढणारे एक हौशी गृहस्थ भेटले. असली जुनी सायकल आता मिळत नाही म्हणाले. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बघायला येतो म्हणाले. मी आत पाट्यावर मटणाचा मसाला वाटत होते. एवढं ऐकलं आणि माझा वरवंटा थांबला.

"इकून टाकू," हे म्हणाले.

मी देवाला हात जोडले. (तिखटाचे हात! डोळ्यांना लागले ते निराळंच.)

"इकायची?" आबा कडाडले. "आरं, पंचक्रोशीत असली सायकल हाय का कुणाकडं? तुजं लगीन कुणामुळं जमलं? तिच्यामुळं!"

हे मात्र खरं. माझे वडील स्थळ बघायला आले तेव्हा सायकल बघूनच म्हणाले होते, घर तालेवार दिसतंय!

"इकायची बी न्हाई आन् नुसती ठेवायची बी न्हाई," भाऊजी म्हणाले. "आदी दुरुस्त करायची. आज सांच्यापतोर नवी करून दावतो."

"कशानं रं?"

"तेजाबानं! सोन्यातला मळ खातंय ते. ह्या गंजाची काय कथा!"

नातेवाइकांचं जुनं सोनं साफ करून द्यायला त्यांनी तेजाबाची, म्हणजे अ‍ॅसिडची, बाटली आणलीच होती. मला कुणी विचारलं? छे! मी वरवंटा असा चालवला, की त्या दिवशीच्या मसाल्यात निम्मा पाटाच असावा.

भाऊजींनी गियर, साखळी, सगळं सोडवलं आणि अंगणातून ओरडले, "दादा, एक लोखंडी भांडं आण!" ह्यांनी न्हाणीतून हंडा उचलून दिला. आंघोळीचं पाणी तापवायचा, माझ्या माहेरचा हंडा. बाहेरून काजळीनं काळा, आतून खाऱ्या पाण्याच्या थरानं पांढरा. तो तांब्याचा होता हे दोघां भावांपैकी एकालाही ओळखू आलं नाही. आणि सोन्यातलं तांबं तेजाबात विरघळवणं हा त्यातल्या एकाचा धंदा!

दोन मिनिटांत हंड्यातून पिवळा-तांबडा धूर उठला. कोंबड्या शेजारी पळाल्या. भाऊजी खोकत ओट्यावर चढले, हे खोकत उंबऱ्यात आले. जेवायला आलेले पाहुणे नाकाला उपरणी लावून ओरडायला लागले.

"काय जळालं वो?"

"मटान लागलं वाटतं!"

"लागलं कशाचं, कोळसा झाला! सूनबाईचं ध्यान कुठं हाय?"

माझं ध्यान! माझं मटण मंद आचेवर अगदी शहाण्यासारखं शिजत होतं!

लांबून बादल्या ओतल्यावर धूर बसला. भाऊजींनी काठीनं हंडा सरकवला, तर हंडा आला आणि बूड तिथंच राहिलं. अंगणभर हिरवं पाणी पसरलं. साखळीच्या शेवया झाल्या होत्या आणि गियरचे दात म्हाताऱ्या माणसासारखे गेले होते.

"वयनी," भाऊजी हळूच म्हणाले, "हंडा तांब्याचा हुता व्हय?"

मी पळी घेऊन अंगणात आले. पुढं जे झालं ते माझ्याच तोंडून झालं, असं सगळे सांगतात.

"व्हय, तांब्याचा! माज्या बाचा! आन् मटान करपल्यालं न्हाई! आन् ती मेली सायकल आत्ताच्या आत्ता खिडकीतनं उचला! मला माजं मशीन आणायचं हाय!"

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू घरातला पाटाच बोलला.

आबा सावकाश पुढं आले. "पोरी, मग ह्ये आदी सांगायचं न्हाई व्हय? मशीन माघारी गेलं तवा तू हूं का चूं केलं न्हाईस. आमाला वाटलं, तुला शिवणाची आवड न्हाई!"

इतक्या वर्षांचा राग! तो ठेवायला आता जागाच उरली नाही. शेवटी मी तो पाहुण्यांच्या रश्श्यात वाढला.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याचे गृहस्थ आले. सायकलीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "गियर कुठे आहेत?" भाऊजींनी अंगणातल्या हिरव्या डागाकडं बोट दाखवलं. गृहस्थ चहा घेऊन गेले. विकणं संपलं, दुरुस्ती संपली, राहिलं ठेवणं. सायकल गोठ्यात म्हशीशेजारी गेली.

आठवड्यात पलूसहून मशीन आलं. (निघताना वहिनी अशी रडली, जणू पोटची मुलगी सासरी चाललीय!) मी खिडकीखाली बसले. मशीन पुसलं, तेल घातलं, सुईत दोरा ओवला. पहिला ब्लाऊज स्वतःसाठी, काखेत चांगला ऐसपैस, हे मनात पक्कं होतं. तेवढ्यात आबा दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, गोठ्यात लय धूळ हाय गं. त्या सायकलीला तेवढी एक खोळ शिव की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता मला बोलायला येत होतं. मी मान वर केली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"आबा, झालर लावू का?"