डोणीतली कण्हेर

माझे सासरे उमेदीच्या वयात गलबतावर तांडेल होते. वादळवाऱ्यात शीड सांभाळणारा हा माणूस कायमचा घरी बसला तेव्हा त्याने स्वतःला दोन कामं लावून घेतली, एक देवपूजा आणि दुसरं कुत्रा. त्यात आधी मान कोणाचा, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. भाकरी चुलीवरून उतरली की पहिला तुकडा कुठे जातो ते मला दिसत होतंच.

लग्न होऊन मी देवगडहून शिरोड्याला आले तेव्हा साठ साल जवळ आलं होतं. नवरा मुंबईला नोकरीत, घरी यायचा तो मे महिन्यात आणि गणपतीत. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. शेजारच्या बायका सांगायच्या, त्या गेल्यावर वर्षभर सासरे कोणाशी धड बोलले नाहीत, बोलले ते फक्त कुत्र्याशी. तर घरात आम्ही दोघं, तो तांबूस कुत्रा आणि माहेरून टोपलीत घालून मी आणलेली मांजर. मांजरीला सासरे ‘तुझां आंदण’ म्हणत आणि तिने दुधाच्या पातेल्याकडे पाहिलं तरी माझ्या माहेराचा उद्धार होई.

सकाळी फुलं काढायचा थाट बघण्यासारखा असे. पुढे परडी घेतलेले सासरे, मागे कुत्रा. घराभोवतीच्या दगडी गडग्याच्या कडेने कण्हेर लावलेली होती, पांढरी, तांबडी आणि पिवळीही. गुरं आणि बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत, म्हणून आमच्याकडे कुंपणाला ती सर्रास लावतात. सासरे हे फार कौतुकाने सांगत. जनावराला उपजत अक्कल असते, खाऊ नये ते ते खात नाही, आणि आपला कुत्रा तर त्यातही हुशार, असं त्यांचं ठाम मत होतं. कुत्र्याने कण्हेरीचं पान कधी चघळलं नाही हेही खरंच.

पूजा झाली की आदल्या दिवशीची फुलं तुळशीपाशी असलेल्या दगडी डोणीत, पाण्यात पडत. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ही सोय. आठवड्याने सासरे ते समुद्रात सोडून येत आणि पाणी माडाच्या मुळाशी ओतत. सोमवारी आणि शिवरात्रीला सगळाच बेत मोठा. महादेवाला परडीभर कण्हेर लागे, ओलेत्याने पूजा होई. कुत्रा मध्ये मध्ये येऊन विटाळ करील म्हणून त्याचं पाण्याचं मातीचं परळ मी अंगणातून उचलून मागीलदारी उपडं घालायचं, असा हुकूम होता. एरवी त्याच कुत्र्याच्या अंगावर हात टाकून दुपारची झोप काढणाऱ्या माणसाचं हे सोवळं. मी मनातल्या मनात हसायची आणि परळ उचलायची.

पहिल्यांदा कुत्रा आजारी पडला तो शिवरात्रीला. ओकला, लाळ गाळत पडून राहिला आणि दोन दिवसांनी उठला. सासऱ्यांनी ठरवून टाकलं की आदल्या दिवशी मी त्याला घातलेली बांगड्याची टकली बाधली. तेव्हापासून माशाची डोकी बंद. कुत्रा ताटलीकडे बघे, मग माझ्याकडे बघे आणि निघून जाई. सासरेही दोन दिवस माझ्याशी तुटकच होते. मला फार लागलं ते. परक्या घरात नवी आलेली, आणि पहिला ठपका कुत्र्याला आजारी पाडल्याचा.

मग श्रावणातला सोमवार आला, चार दिवस पावसाची उघडीप आणि कडक ऊन. दुपारी कुत्रा ओटीवर आला तो झिंगल्यासारखा. ओकला, पुन्हा ओकला आणि मागच्या पायांवर बसला तो उठेना. सासरे पूजेच्या धोतरानेच खाली बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सोवळं कुठल्या कुठे गेलं. गलबतावर बारा खलाशांना हुकूम सोडणारा तो आवाज ओलसर, कापरा झाला होता. मला त्यांची कीव आली, पण तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

“तू काय घातलंस गो ह्येका? पुन्ना बांगड्याची टकली?”

मी त्या घरात तोवर उलट शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

“मामांनू, श्रावणात आपल्या घरात बांगडो खंयसून येतलो?”

श्रावण लागल्यापासून त्या घरात मासळी आलीच नव्हती. मी धावत जाऊन बाजारातल्या वैद्यांना घेऊन आले. ते म्हातारे गृहस्थ म्हणाले की माणसांची औषधं मला ठाऊक, कुत्र्याची नाहीत. त्याला शांत पडू द्या, तोंडात काही ओतू नका आणि पोटात काय गेलंय ते आधी शोधा. मी कुत्र्याचं तोंड निरखून पाहिलं. ओठाच्या कडेला एक पांढरी पाकळी चिकटली होती. मग मला मागीलदारचं परळ आठवलं, सकाळी मीच उपडं घातलेलं. शिवरात्रीलाही मीच घातलं होतं; एरवीच्या सोमवारी ते लवकर परत जागेवर यायचं, या दोन दिवशी मात्र पूजा दुपारपर्यंत चालली होती. तहानलेलं जनावर पाणी कुठे पिणार? डोणीपाशी गेले, तर पाणी चार बोटं खाली उतरलं होतं आणि वर कण्हेरीची फुलं कुजत तरंगत होती. मला इतकी शरम वाटली की क्षणभर सांगूच नये असं मनात आलं. पण सांगितलं.

सासरे ऐकेनात. ते देवाच्या अंगावरचं निर्माल्य आहे, ते कसं बाधेल, हेच त्यांचं चाललं. वैद्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

“देवाक बाधणा नाय,” ते म्हणाले. “कुत्र्याक बाधता.”

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसून होतो. माझी मांजरही येऊन बसली आणि त्या दिवशी तिला कोणी हाकललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याने शेपूट एकदा आपटलं. सासरे उठले, कोयता घेतला आणि गडग्याची कण्हेर या टोकापासून त्या टोकापर्यंत तोडली. डोणी रिकामी करून घासली आणि तिच्यावर फळी ठेवली. परळ अंगणाच्या मधोमध आलं, सोमवारीसुद्धा.

पुढे तर त्यांनी ताळच सोडला. वाडीत कोणाच्या दारी धोतरा आहे, कुठे एरंड वाढलाय, काजऱ्याची विषारी फळं कोणाच्या वाटेवर पडतात, हे ते काठी टेकत तपासत फिरत. माझ्या हौसेच्या दोन कुंड्यांभोवतीही त्यांनी काट्यांचं कुंपण घातलं. मांजर त्यावरून आरामात उडी मारून जाई, पाणी घालताना ओरबाडली जायची ती मीच. एका शेजाऱ्याने विचारलं, आता महादेवाला कण्हेर नाही का वाहत? सासरे जास्वंदी तोडत होते, तोडतच राहिले.

“देवाक फुलां मोप आसत,” ते म्हणाले. “ह्येका जीव एकच.”

माझ्यावर ठेवलेल्या ठपक्याचं मात्र त्यांनी नाव काढलं नाही. मीही वाट बघायची सोडून दिली. गणपती पाण्यात गेले आणि बाजारात बांगडा आला. मी मासे साफ करून डोकी नेहमीसारखी टाकून द्यायला बाजूला ठेवली होती. सासरे कधी नव्हे ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मागे कुत्रा होताच. दोघांचीही नजर डोक्यांवर.

“ती टाकू नको,” ते म्हणाले. “घाल त्येका. तुझ्याच हातान घाल.”