सात आठे छप्पन्न, बहुमतानं मंजूर

अणदूरच्या पलीकडच्या आमच्या गावात त्र्याहत्तर साली दोनच गोष्टी भरपूर होत्या, ऊन आणि सोसायट्या. कर्जाची सोसायटी होती, दुधाची होती (दूध नव्हतं), कोंबड्यांची निघायच्या बेतात होती. त्यामुळं चौथीच्या शिवशरण गुरुजींनी वर्गातच पाण्याची सोसायटी काढली, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

प्रत्येकानं घरून तांब्याभर पाणी आणायचं, वर्गातल्या रांजणात ओतायचं आणि कुणी किती प्यायचं ते सभेत ठरवायचं. वरच्या आळीतलं आणि बौद्धवाड्यातलं पाणी एकदा रांजणात पडलं, की कुठलं कुणाचं हे शोधणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं. मुक्ता चेअरमन होती. पिराजी विरोधी पक्ष होता, कारण विरोधाशिवाय सभा अळणी लागते असं गुरुजींचं मत. तो इमानानं प्रत्येक ठरावाला विरोध करी, त्यालाच जादा पाणी देण्याच्या ठरावालासुद्धा.

हेडमास्तर आण्णासाहेबांना हा कालवा सोसेना. "शाळा हाय का बाजार समिती?" म्हणत त्यांनी वर तक्रार केली आणि गुरुजींची बदली थेट कळंबकडं करायचं घाटू लागलं. गुरुजींना जेवण गोड लागेना. ही पोरं पाचवीत बसल्याशिवाय त्यांना गाव सोडायचं नव्हतं.

अशात एका सकाळी दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, फटफटीवरून आले.

"सात आठे किती?"

"छप्पन्न," मुक्ता म्हणाली.

"बरोबर वाटतंय त्यांनी हात वर करा," साहेब म्हणाले.

झाडून सगळे हात वर गेले. पिराजीचा तेवढा मांडीवर.

"तुझ्या मते किती रे?"

"छप्पन्नच की साहेब. पर समदेच व्हय म्हणले तर ती सभा कशाची?"

आण्णासाहेबांनी 'बघा, ऐका' अशा नजरेनं साहेबांकडं पाहिलं. साहेब खुर्चीत बसले. "आण्णासाहेब, चांगलं शिकवणं म्हणजे काय हो?"

"शांतता," आण्णासाहेब म्हणाले. "अन् हातात छडी. वापरायची न्हाय, नुसती दिसली पायजे."

"आणि गुरुजी, तुमच्या मते?"

गुरुजी नव्या नवरीसारखे लाजले. "गळा, साहेब. पोरं शिकतेत ती मी गातो त्या कवितेच्या चालींवर."

मागं कुणीतरी खोकलं.

"आता पोरांचं ऐकू," साहेब म्हणाले.

मुक्ता उभी राहिली. "आमचे गुरुजी गणितात चुकतेत, साहेब."

गुरुजींचा चेहरा उतरला. बदलीचा कागद त्यांना समोर दिसू लागला.

"चुकले की खडू आमच्या हातात देतेत अन् खाली आमच्या बस्करावर येऊन बसतेत. मग त्यास्नी समजंस्तवर आमी सांगायचं. सांगता सांगता आमालाच येतंय."

"मुद्दाम चुकतात होय?"

"न्हाय जी. खरंच चुकतेत."

साहेबांना इतकं हसू लोटलं की चष्मा काढून पुसावा लागला. "आण्णासाहेब, हा माणूस हलवायचा नाही," ते म्हणाले. वर्गात जो कल्ला उठला तो आण्णासाहेबांनीही थांबवला नाही.

कल्ला ओसरला तसा पिराजीचा हात वर आला. "माझा इरोध हाय."

"गुरुजी ऱ्हावं, पर त्यांचं गाणं बंद व्हावं."

चेअरमनबाईंनी ठराव मताला टाकला. झाडून सगळे हात वर. दारातून आण्णासाहेबांचा. साहेबांनी गुरुजींचं गाणं कधी ऐकलं नव्हतं, पण पोरांच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनीही अर्धा हात उचलला.

गुरुजींनी हात मोजले आणि ते "ठराव मंजूर" म्हणाले. मग पुस्तक उघडून न गाता, नुसत्या बोलण्याच्या सुरात कविता वाचू लागले. दुसऱ्या ओळीवर आवाज जरा चढायला लागला तशी मुक्ता उभी राहिली, आणि गुरुजी निमूट खालच्या पट्टीत आले.