फोरमनच्या वाटची चकती

चर्चमागच्या गल्लीतली पोरं तिला कातरणबाई म्हणत. रविवारी वेदीवरून लोकांना जी पवित्र भाकर देतात, त्या पातळ पांढऱ्या चकत्या ती घरी करायची. गव्हाचं पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. मीठसुद्धा चालत नाही. सरसरीत कालवलेलं पीठ लांब दांड्यांच्या लोखंडी साच्यात ओतायचं, साचा आचेवर दाबून धरायचा आणि कडेने बाहेर आलेलं सुरीने खरवडायचं. निघालेला पापुद्रा ओल्या फडक्याखाली ठेवायचा, नाहीतर कापताना त्याचा चुरा होतो. मग गोल पातीने चकत्या पाडायच्या. उरते ती भोकाभोकांची कातरण. ती गल्लीतल्या पोरांची, आणि नवऱ्याची.

नवरा वेल्डर होता. फोरमन व्हायची वाट बघता बघता तो निवृत्त झाला, पण सोबत्यांनी थट्टेने ठेवलेलं ‘फोरमन’ हे नाव मात्र बढतीसारखं चिकटलं ते कायमचं. संध्याकाळी चहात कातरण बुडवून खायची, एवढीच त्याची चैन. देवाच्या घरचं उरलंसुरलं आपल्या ताटात पडतं, असं तो ऐटीत सांगायचा. कातरण म्हणजे नुसतं पीठ, हे त्यालाही ठाऊक होतं. चकतीचं ख्रिस्ताचं शरीर होतं ते फादरांनी वेदीवर प्रार्थना केल्यावर. यावर मात्र त्याचा असा विश्वास होता की त्याबद्दल बोलायचीही त्याला गरज वाटत नसे.

तिचं देवाशी बिनसलं होतं. एकुलती एक मुलगी तापाने गेली तेव्हापासून. दवाखान्याच्या गार फरशीवर गुडघे टेकून तिने जे मागितलं होतं ते काही जगावेगळं नव्हतं. देवाने तोंडाला पानं पुसली, असं ती फादरांच्या तोंडावर म्हणाली होती. चकत्या करायचं तिने सोडलं नाही, कारण अंगावर घेतलेलं काम टाकून देणं तिच्या रक्तात नव्हतं. पण सगळे भाकर घ्यायला रांगेत उठले की ती बाकावर बसून राही. लोकांनी आधी कुजबुज केली, मग त्यांनाही कंटाळा आला. नवऱ्याने मात्र कधी चकार शब्द काढला नाही. रांगेतून परत यायचा आणि तिला खेटून बसायचा. ते न बोलणंच तिला जास्त लागायचं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडायला तर ती कंबर कसून बसली होती.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले आणि त्याला घरी न्यायला सांगितलं. पुढच्या खोलीत, खिडकीला लावून त्याची खाट टाकली. पाणी चमच्याने द्यायचं. एकेक घोट उतरताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ होत, आणि चमचा हातात धरलेली ती, नकळत, त्याच्याबरोबर आवंढा गिळायची.

त्या सकाळी त्याने तिला खुणेने जवळ बोलावलं.

“फादरांना बोलाव,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “गिळता येतंय तोवर भाकर घेतो.”

नणंदेला त्याच्याजवळ बसवून ती तशीच चर्चमध्ये गेली. फादर नदीपलीकडच्या वस्तीत कुणाच्या तरी मातीला गेले होते, असं झाडणाऱ्याने सांगितलं. फोन लागेना. वेदीवरच्या ज्या कपाटात पवित्र भाकर ठेवतात त्याला कुलूप, आणि किल्ली फादरांच्या खिशात. त्या बंद कपाटापुढे ती उभी राहिली. आतली प्रत्येक चकती तिच्या हातची. इतकी वर्षं तुझं घर भरलं, एक दे, असं ती मनातल्या मनात म्हणाली. विनवणी नव्हती ती, रागच होता.

ती घरी आली तेव्हा नवरा दाराकडेच डोळे लावून होता. पाणी आणते म्हणून ती आत गेली, आणि खरोखर पाण्यासाठीच गेली होती. ओट्यावर ओल्या फडक्याखाली कालचा पापुद्रा होता, शेजारी पाती. तिने एक चकती पाडली, त्यातला नखाएवढा तुकडा मोडला आणि धुतलेल्या रुमालात घेतला.

“फादरांना मातीला जावं लागलं,” ती बाहेर येऊन म्हणाली. “जाताना माझ्याजवळ देऊन गेले.”

नणंद भाबडी, तिने लगेच गुडघे टेकले. तुकडा जिभेवर ठेवताना फादर म्हणतात ते शब्दही कातरणबाईला म्हणावे लागले. ख्रिस्ताचं शरीर. त्याने ओठांनीच आमेन म्हटलं. चमचाभर पाणी दिलं. बराच वेळ ते उतरेना. तो घामाने निथळला, मुठी आवळून धरल्या, आणि शेवटी ते गेलं. त्याचा चेहरा असा निवळला, की आपण पुण्य केलं असं तिला घटकाभर वाटलं. आत जाऊन तिने तो पापुद्रा बघितला, मधोमध एकच भोक पडलेला, आणि घाईने त्यावर फडकं ओढलं.

दुपारी फादर आले. वयाने लहान, पण नियमाला पक्के. कड तडकलेली चकती परत पाठवणारे. उशीर झाला म्हणून ते कळवळून माफी मागत होते. त्यांनी त्याच्या कपाळाला पवित्र तेल लावलं, मग खिशातून भाकरीची छोटी सोनेरी डबी काढून उघडली. फोरमनने हात वर केला.

“मिळाली मला,” तो म्हणाला. “हिच्या हाती पाठवलीत ना, ती पोचली.”

फादरांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने एक वाक्य बोलायचं होतं, की ते नुसतं पीठ होतं. पण मग आपला शेवटचा घास कशावर खर्ची पडला, हे त्यालाही कळलं असतं. तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

“पुन्हा घेतली तरी चालते,” फादर हळूच म्हणाले. “अगदी थोडी.”

त्याने मान हलवली आणि गळ्याला बोट लावलं.

“आता नाही जात. तेवढं एकदाच होतं.” मग तो तिच्याकडे वळला. “ही हिला द्या.”

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच मागितलं होतं. फादरांनी तिला काहीही विचारलं नाही. त्यांचे स्वतःचेच डोळे भरले होते. ती खाटेला धरून गुडघ्यांवर बसली आणि आमेन म्हणाली.

चकती तिच्याच हातची होती, मागच्या खेपेची, कडेला किंचित करपलेली. त्याला ठसका लागला म्हणून तेव्हा साचा आचेवर जरा जास्त राहिला होता. ती टाळूला चिकटली. तो तिच्या गळ्याकडे टक लावून बघत होता, आणि ती उतरली तेव्हा त्यानेही तिच्याबरोबर कोरडाच आवंढा गिळला.

दिवेलागणीला तो गेला. दादाला शेवटची भाकर मिळाली, असं नणंद आल्यागेल्याला सांगत होती, आणि कातरणबाई मान हलवत होती. जीभ सारखी टाळूवरून फिरत होती. त्याच्या वाटचं तिने खाल्लं होतं, आणि ते आता त्याला परत देता येणार नव्हतं.